जागा बदलली म्हणून आठवण जात नाही

दहावी-बारावीचं हॉल तिकीट हातात पडलं की घरात पहिला प्रश्न असतो, केंद्र कुठलं आलं? आपल्याच शाळेत आलं तर सगळ्यांना हायसं वाटतं. दुसऱ्या शाळेत आलं की आई-वडिलांच्या जिवाला घोर लागतो. वर्ग नवा, बाक नवा, पर्यवेक्षक अनोळखी; मुलाला तिथं सगळं आठवेल ना? आदल्या दिवशी केंद्र बघून येणं हा तर आपल्याकडे एक विधीच झाला आहे. त्यात गैर काही नाही, निदान रस्ता कळतो आणि रिक्षा कुठं मिळते ते कळतं. पण या काळजीच्या मुळाशी एक समजूत आहे: ज्या जागी, ज्या मूडमध्ये आपण शिकलो, तीच जागा आणि तोच मूड असला तरच नीट आठवतं. या समजुतीला प्रयोगांचा आधार आहे, आणि तरीही ती अर्धीच खरी आहे. परिसर आठवायला मदत करतो, पण ती मदत बेताची असते आणि दुसरी कुठलीही खूण हाताशी नसते तेव्हाच ती कामाला येते. मनःस्थितीची गोष्ट वेगळी. ती आठवणी निवडून पुढं करते, आणि ही निवड चालली आहे याचा आपल्याला पत्ताही नसतो. तेव्हा जागेची धास्ती थोडी कमी करावी आणि मूडबद्दलची सावधगिरी थोडी वाढवावी, असं माझं म्हणणं आहे. ते का, आणि रोजच्या व्यवहारात त्याचं काय करायचं, हे पुढं मांडतो.

आधी या समजुतीच्या बाजूचा सगळ्यात गाजलेला पुरावा पाहू. 1975 साली डंकन गॉडन आणि अ‍ॅलन बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी स्कॉटलंडमध्ये, ओबानजवळच्या समुद्रात, विद्यापीठाच्या डायव्हिंग क्लबमधल्या पाणबुड्यांवर एक प्रयोग केला. एकमेकांशी संबंध नसलेले 36 शब्द त्यांना ऐकवायचे; कधी किनाऱ्यावर, कधी सुमारे वीस फूट पाण्याखाली. मग थोड्या वेळानं, कधी त्याच जागी तर कधी दुसऱ्या, आठवतील तेवढे लिहायला सांगायचं. किनाऱ्यावर ऐकून किनाऱ्यावरच लिहिले तेव्हा सरासरी साडेतेरा शब्द आठवले. पाण्यात ऐकून पाण्यातच लिहिले तेव्हा साडेअकराच्या आसपास. जागा बदलली की मात्र दोन्हीकडून आकडा साडेआठाच्या घरात आला. पाण्यातून वर येण्याच्या किंवा खाली जाण्याच्या धांदलीनं विसरायला झालं असेल, अशी शंका कुणालाही येईल. ती त्यांनाही आली. म्हणून दुसऱ्या फेरीत काही जणांना किनाऱ्यावर शब्द ऐकवून मध्येच पाण्यात बुडी मारायला लावली आणि परत किनाऱ्यावर आणून विचारलं. त्यांच्या आठवणीत फारसा फरक पडला नाही. म्हणजे दोष धांदलीचा नव्हता, बदललेल्या जागेचा होता. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग तेव्हापासून ठाण मांडून बसला आहे, आणि ‘अभ्यासाला एकच जागा ठरवा, परीक्षेसारख्या वातावरणातच बसा’ असे सल्ले त्याच्याच जोरावर दिले जातात.

पण पुढची कथा पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. याच दोघांनी 1980 साली तोच प्रयोग किंचित बदलून पुन्हा केला. या वेळी शब्द मनानं आठवायचे नव्हते. समोर ठेवलेल्या यादीतून आधी ऐकलेले कोणते ते फक्त ओळखायचे होते. तेव्हा पाणी आणि जमीन यांतला फरक नाहीसा झाला. 2021 मध्ये नेदरलँड्समधल्या याप म्युरे यांनी मूळ प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा जागेचा तो ठळक परिणाम मिळालाच नाही. त्याआधी 1985 साली कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात, खऱ्याखुऱ्या परीक्षांचे निकाल तपासले गेले होते. काही विद्यार्थ्यांनी पेपर नेहमीच्या व्याख्यानाच्या वर्गात लिहिला होता, काहींनी दुसऱ्या. गुणांमध्ये दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. केंद्राची काळजी करणाऱ्या पालकांना पाणबुड्यांच्या प्रयोगापेक्षा हा तपास जास्त जवळचा वाटायला हवा, कारण इथं सुट्या शब्दांची यादी नव्हती. वर्गात शिकलेला विषय होता आणि गुणांची धाकधूक होती. अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा स्टीव्हन स्मिथ आणि एडवर्ड व्हेला यांनी 2001 साली घेतला. त्यांचा निष्कर्ष मध्यममार्गी आहे: परिसराचा परिणाम होतो, तो भास नाही, पण सरासरीनं तो छोटाच आहे.

आता हे दोन्ही पुरावे एकत्र कसे बसवायचे? आठवायला खूण लागते, इथून सुरुवात करू. एन्डेल टुल्व्हिंग यांनी 1973 साली मांडलेलं तत्त्व असं की गोष्ट मनात शिरताना तिच्याबरोबर जे काही शिरलं, तेच पुढं तिला बाहेर काढायला उपयोगी पडतं. आजूबाजूची भिंत, पंख्याचा आवाज, पाण्याचा गारवा हे सगळं त्यात आलं, पण त्या विषयाचा अर्थ, त्याची दुसऱ्या विषयांशी असलेली नाती, तुम्ही स्वतः काढलेली आकृती हेही त्यातच आलं. या दुसऱ्या प्रकारच्या खुणा कितीतरी बळकट असतात. परिसराची खूण ही कंदिलासारखी आहे: अंधारात तिचा आधार वाटतो, भर दुपारी तो लावला काय न लावला काय. पाणबुड्यांचे शब्द सुटे होते, त्यांना अर्थाचा धागा नव्हता, कुणी प्रश्नही विचारत नव्हतं. तिथं अंधारच होता. परीक्षेतला प्रश्न मात्र स्वतःच एक लखलखीत खूण असतो. ‘1857 च्या उठावाची कारणे लिहा’ एवढं वाचलं की ते वाक्यच धडा उघडतं. तो धडा घरातल्या पलंगावर वाचला होता की शाळेच्या बाकावर, याची गरजच उरत नाही. अट एकच, धडा समजून, जोडून, स्वतः आठवून पाहून तयार केलेला असावा. नुसती घोकंपट्टी असेल तर ती सुट्या शब्दांच्या यादीच्या जवळ जाते, आणि मग अनोळखी वर्ग खरंच नडू शकतो.

यावर लगेच कुणी म्हणेल, मग मुलं परीक्षेत ब्लँक का होतात? घरी धडाधड म्हणून दाखवलेलं तिथं एकाएकी गायब कसं होतं? त्याचं उत्तर भिंतींमध्ये शोधण्याऐवजी ताणात शोधावं. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं, आणि ते वाढलेलं असताना साठवलेलं बाहेर काढणं अवघड होतं. झुरिचमध्ये 2000 साली लोकांना आदल्या दिवशी शब्द शिकवून, विचारण्यापूर्वी कॉर्टिसोन दिलं गेलं, तेव्हा त्यांना कमी शब्द आठवले. कॉर्टिसोनचं शरीरात कॉर्टिसॉल होतं. शब्द मनातून पुसले गेले नव्हते, कारण यादीतून ओळखायला सांगितल्यावर ते ओळखता येत होते. फक्त वाट अडली होती. आता यातली आशादायक बाजू. 2016 साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी एका गटाला शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा पाहायला दिली आणि दुसऱ्याला ती न बघता आठवून काढायला लावली. दुसऱ्या दिवशी लोकांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावून काहींना मुद्दाम घाबरवलं. नुसतं पाहणाऱ्यांची आठवण ताणाखाली ढासळली. आठवून काढणाऱ्यांची टिकली. तेव्हा ब्लँक होण्यावरचा उपाय केंद्रावर जाऊन बाक पाहण्यात फारसा नाही. घरी पुस्तक मिटण्यात आहे.

पुस्तक मिटायचं म्हणजे नेमकं काय करायचं? एक धडा घ्या, समजा विज्ञानातला गुरुत्वाकर्षणाचा. तो एकदा नीट वाचून झाला की वही उघडा, कोरं पान घ्या आणि धड्यातलं जे जे आठवतं ते निळ्या पेननं लिहा: नियम, सूत्र, त्यातल्या चिन्हांचे अर्थ, आकृती, एखादं उदाहरण. क्रम चुकला तरी थांबू नका, पुस्तकाकडे चोरून पाहू नका. दहा मिनिटांनी पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल पेननं त्याच पानावर भरा. लाल शाई दिसली की वाईट वाटतं, आणि म्हणूनच बहुतेक मुलं हा प्रकार टाळून पुन्हा हायलायटरकडे वळतात. हायलायटर हातात असला की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, एवढाच त्याचा मोठा गुण. तोच धडा दोन दिवसांनी पुन्हा कोऱ्या पानावर काढायचा, आणि त्या वेळी जागा बदलायची. पहिल्यांदा टेबलाशी बसला असाल तर आता गॅलरीत, किंवा आजीच्या खोलीत, किंवा शाळेच्या मधल्या सुट्टीत. यालाही आधार आहे. 1978 साली स्मिथ, ग्लेनबर्ग आणि ब्योर्क यांनी एकच यादी काहींना दोन्ही वेळा एकाच खोलीत शिकवली आणि काहींना दोन वेगवेगळ्या खोल्यांत. मग सगळ्यांना तिसऱ्याच खोलीत नेऊन विचारलं. दोन खोल्यांत शिकलेल्यांना स्पष्टपणे जास्त आठवलं. गोष्ट एकाच जागेला चिकटून राहिली नाही की ती नव्या जागीही सोबत येते.

इथं अनुभवी शिक्षक हरकत घेतील. अभ्यासाला एक जागा, एक वेळ असावी, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तो काय खोटा? खोटा मुळीच नाही, फक्त त्याचं काम वेगळं आहे. ठरलेली जागा बसायची सवय लावते. त्या खुर्चीत बसलं की हात आपोआप वहीकडे जातो, मोबाइलकडे जरा कमी. सवय लागेपर्यंत जागा पक्की ठेवावी हे उत्तम. पण शिकलेलं तपासायची वेळ आली की त्या खुर्चीतून उठावं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणारी मुलं महिनोन्‌महिने एकाच टेबलावर बसतात; डोक्यावर तोच पंखा, शेजारी तोच माणूस, समोर भिंतीला चिकटवलेला तोच नकाशा. अशांनी निदान सराव पेपर तरी त्या टेबलावर सोडवू नये. पूर्वपरीक्षा ज्या वेळेला असते त्याच वेळेला, मित्राच्या खोलीत किंवा एखाद्या सार्वजनिक वाचनालयात, घड्याळ लावून, चहा न घेता पूर्ण पेपर सोडवावा. आणि ज्यांच्या घरात मुळातच एक खोली आहे, जिथं एका कोपऱ्यात मालिका चालू आहे आणि दुसऱ्यात कुकरची शिट्टी, त्यांनी आपला अभ्यास वाया चालला असं समजू नये. आयोवा राज्य विद्यापीठात 1998 साली हॅरी ग्रँट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उपाहारगृहातल्या गोंगाटाची टेप लावून काही जणांना लेख वाचायला दिला, काहींना शांततेत. ज्यांची वाचतानाची आणि परीक्षेतली स्थिती जुळली त्यांना जास्त उत्तरं आली. गोंगाटात वाचून गोंगाटातच लिहिणारेही मागं पडले नाहीत. खरी परीक्षा मात्र शांततेत असते. म्हणून कानात इयरफोन घालून गाण्यांच्या साथीनं वाचणाऱ्यांनी उजळणी तरी गाण्यांशिवाय करावी.

इतकं करूनही एखादं उत्तर ओठांवर येऊन अडलं, तर परिसर खिशातून काढता येतो. स्मिथ यांनीच 1979 साली दाखवलं की मूळ खोलीत परत न जाताही, ती खोली मनात उभी केली तरी जवळजवळ तेवढाच फायदा होतो. परीक्षेत हे करायला अर्धं मिनिट पुरतं. पेन खाली ठेवा, तो भाग कुठं बसून वाचला होता ते डोळ्यांसमोर आणा, पानाची डावी बाजू की उजवी, वर आकृती होती की तक्ता, त्याच्या आधी कोणता मुद्दा होता. नाही आलं तर पुढच्या प्रश्नाकडे वळा. याच युक्तीवर पोलिसांच्या साक्षीदारांसाठी एक पद्धत बेतलेली आहे. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझलमन यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेत ती विकसित केली. घटना काय घडली हे थेट न विचारता साक्षीदाराला आधी त्या जागी मनानं नेलं जातं: ऊन होतं की सावली, आवाज कसले होते, तुम्ही कुठं उभे होता, तेव्हा मनात काय चाललं होतं. मग क्षुल्लक वाटेल तेही सांगा, असं म्हटलं जातं. या पद्धतीनं बरोबर तपशील पुष्कळ वाढतात. चुकीचेही थोडे वाढतात, हे विसरता येत नाही. तेव्हा अपघातानंतर पोलिसांत किंवा विमा कंपनीकडे जबाब द्यायचा असेल तर इतरांशी चर्चा करण्याआधी एकटं बसून, जागा डोळ्यांसमोर आणून, जे दिसलं ते कागदावर उतरवा. जिथं खात्री नाही तिथं ‘खात्री नाही’ असं लिहा. आठवणीतली भोकं बुजवण्यासाठी अंदाज वापरले की ते अंदाजच पुढं आठवण म्हणून बसतात.

उठून स्वयंपाकघरात जायचं आणि ‘कशाला आले होते बरं?’ म्हणून ओट्यापाशी उभं राहायचं, हा प्रकार वयाशी जोडून लोक उगाच घाबरतात. नोट्रडेम विद्यापीठातल्या गेब्रिएल रॅडव्हॅन्स्की यांनी दाखवलं की तरुण विद्यार्थ्यांचंही दार ओलांडल्यावर असंच होतं. गंमत अशी की त्यांना पुन्हा मूळ खोलीत आणलं तरी सुधारणा झाली नाही. दार ओलांडलं की मन आधीचा प्रसंग मिटून नवा उघडतं, असा त्यांचा अर्थ. तेव्हा नुसतं माघारी जाण्यापेक्षा निघतानाच ‘कात्री’ असं पुटपुटत निघणं शहाणपणाचं. वासाची ताकद मात्र खरी आहे. इंग्लंडमध्ये यॉर्क शहरातल्या योर्विक या व्हायकिंग संग्रहालयात जुन्या वस्तीचे वास मुद्दाम सोडलेले असतात. तिथं सहा-सात वर्षांपूर्वी जाऊन आलेल्यांना ते वास पुन्हा दिले तेव्हा त्यांना संग्रहालयातले तपशील जास्त आठवले, असं 1999 साली प्रसिद्ध झालं. म्हणून परीक्षेला ठरावीक अत्तर लावून जावं का? माझ्या मते हा खटाटोप आहे; अत्तराची आठवण ठेवण्यापेक्षा एक पान जास्त काढून पाहावं.

मराठी वाचकांना यातली जास्त जवळची खूण भाषेची आहे. भाषाही एक परिसरच असते. रशियातून अमेरिकेत गेलेल्या द्विभाषकांवर व्हिओरिका मारियन आणि उलरिक नाइसर यांनी काम केलं, ते 2000 साली प्रसिद्ध झालं. रशियनमध्ये विचारलं की रशियन बोलण्याच्या काळातल्या आठवणी जास्त निघत, इंग्रजीत विचारलं की इंग्रजीतल्या. पुढं मारियन यांनीच स्पॅनिश-इंग्रजी जाणणाऱ्यांना जीवशास्त्र, रसायनशास्त्र, इतिहास अशा विषयांची माहिती देऊन पाहिलं. ज्या भाषेत शिकले त्याच भाषेत विचारलं की उत्तर लवकर यायचं. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेल्या मुलाला ‘त्वरण’ पक्कं येत असतं आणि ‘अ‍ॅक्सिलरेशन’ म्हटलं की तो गोंधळतो, याला त्याची कुवत जबाबदार नाही. अशानं पहिले काही महिने कोऱ्या पानावर आठवताना दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहावेत, मनात मराठीत उलगडावं आणि शेवटची ओळ परीक्षेच्या भाषेत लिहावी. परदेशी राहणाऱ्या घरांतही याचा उपयोग आहे. आजी-आजोबांच्या लहानपणाच्या गोष्टी नातवंडांना ऐकायच्या असतील तर इंग्रजीत विचारून फार हाती लागत नाही. आई किंवा बाबांनी मध्ये बसून मराठीत, जमलं तर त्यांच्या गावच्या बोलीत विचारावं आणि नातवंडांना नंतर सांगावं.

आता मनःस्थिती. इथं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली अशी की आनंदात शिकलेलं आनंदात आणि दुःखात शिकलेलं दुःखात जास्त आठवतं. स्टॅनफर्डचे गॉर्डन बावर यांनी संमोहनानं लोकांना सुखी-दुःखी करून हे दाखवलं आणि 1981 साली त्यावर गाजलेला लेख लिहिला. पण चार वर्षांनी त्यांच्याच प्रयोगशाळेत तो परिणाम पुन्हा मिळाला नाही. तेव्हा त्याच मूडमध्ये पेपर द्यायला हवा वगैरे बोलणं सोडून द्यावं. दुसरी गोष्ट जास्त पक्की आहे: आत्ताचा मूड स्वतःशी जुळणाऱ्या आठवणी वर आणतो. ऑक्सफर्डमध्ये डेव्हिड क्लार्क आणि जॉन टीझडेल यांनी नैराश्याच्या अशा रुग्णांकडे पाहिलं ज्यांची उदासी एकाच दिवसात कमी-जास्त होत असे. त्याच माणसाला उदास वेळी दुःखाचे प्रसंग जास्त आठवत, बऱ्या वेळी कमी. माणूस तोच, आयुष्य तेच, दिवसही तोच. दुखण्याचंही असंच असतं. डोकेदुखीच्या रुग्णांनी रोज लिहिलेल्या नोंदी आणि नंतर आठवून सांगितलेलं दुखणं 1985 साली ताडून पाहिलं गेलं. सांगताना ज्यांचं डोकं जास्त दुखत होतं त्यांना मागचं दुखणंही नोंदीपेक्षा जास्त होतं असं वाटलं. डॉक्टरांनी ‘गेल्या महिन्यात कसं होतं?’ विचारल्यावर आपण देतो ते उत्तर बरंचसं आजच्या सकाळचं असतं. म्हणून कॅलेंडरच्या चौकटीत रोज एक आकडा लिहावा, शून्य ते दहा, आणि ते पान डॉक्टरांपुढं ठेवावं.

कुणी म्हणेल, उदास असतानाच माणसाला खरं दिसतं. एरवी आपण डोळेझाक करतो. यात तथ्याचा अंश आहे. उदास वेळी आठवलेले प्रसंग बहुधा घडलेलेच असतात. चूक प्रसंगांत नसते, त्यांच्या मोजदादीत असते. रात्री अकरा वाजता भांडणानंतर ‘या घरात मला कधीच कुणी विचारलं नाही’ असं वाटतं, तेव्हा विचारलं गेल्याचे प्रसंग मनानं पुढं केलेलेच नसतात. नोकरी सोडणं, नातं तोडणं, वाटणी मागणं असे निर्णय या अपुऱ्या पुराव्यावर घेऊ नयेत. कारणं कागदावर लिहून ठेवा आणि एखाद्या बऱ्या सकाळी तो कागद वाचा. तेव्हाही पटलं तर निर्णय बहुधा योग्यच असेल. मात्र दीर्घ नैराश्यात असलेल्या माणसाला ‘चांगलं आठव, बरं वाटेल’ असं सांगून भागत नाही. युटा योरमन आणि मॅथियास झीमर यांच्या प्रयोगांत असं दिसलं की एरवी लोकांचा मूड सुखद आठवणींनी सुधारतो, पण नैराश्याकडे झुकलेल्यांचा सुधारत नाही. अशा माणसाला न आठवण्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. उदासी दोन आठवड्यांवर टिकली तर डॉक्टरांकडे जावं. टेली-मानसची सरकारी दूरध्वनी सेवा 14416 वर आहे.

राहिला तो प्रांत, जिथं जागेचा आधार सगळ्यात जास्त घ्यायला हवा आणि आपण सगळ्यात कमी घेतो. परीक्षेत प्रश्न विचारला जातो. बीपीची गोळी घ्यायची आठवण कुणीच विचारत नाही. ती आपली आपल्यालाच, ठरल्या वेळी, दुसऱ्या कामात असताना यावी लागते. इथं अर्थाच्या खुणा उपयोगी पडत नाहीत, कारण गोळी का घ्यायची हे तर पाठ असतंच. पीटर गोलव्हिट्झर यांनी मांडलेली साधी रीत इथं लागू पडते: ‘घेईन’ असं न ठरवता ‘अमुक ठिकाणी अमुक झालं की घेईन’ असं ठरवायचं. इंग्लंडमध्ये 1999 साली व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर हे करून पाहिलं तेव्हा जागा आणि वेळ आधी लिहून ठेवणाऱ्यांच्या गोळ्या कमी चुकल्या. आपल्याकडे सकाळची गोळी चहाच्या डब्याशेजारी ठेवावी, देवघरात किंवा कपाटात नव्हे. चहाचं आधण ठेवलं की हात तिकडे जाणारच. जेवणानंतरची गोळी ताटाजवळच्या तांब्याखाली. घेतली की नाही हा संशय वेगळाच असतो, त्यासाठी वारांचे खण असलेली डबी घ्यावी. रिकामा खण पाहिला की वाद मिटतो. या रीतीचा दुबळेपणाही तोच, की जागा मोडली की आठवण मोडते. लग्नासाठी चार दिवस गावी गेलं, चहा दुसऱ्याच कुणी केला, की तीच गोळी राहते, आणि वडीलधारी माणसं ‘घरी कधी चुकत नाही हो’ असं म्हणतात तेव्हा ती खरंच बोलत असतात. म्हणून बॅग भरतानाच डबी टूथब्रशच्या पिशवीत टाकावी, कारण ब्रश कुठल्याही घरी सकाळी हातात येतोच, आणि मोबाइलला त्या चार दिवसांपुरता गजर लावावा. मुलांकडे कायमचं राहायला जाणाऱ्या आई-वडिलांच्या बाबतीत पहिले काही आठवडे घरातल्या कुणीतरी डबीवर रोज नजर टाकावी, नव्या ओट्यावर नवी जागा बसेपर्यंत.